शिरस्तेदारांची फायरवॉल

अप्पा,

तुम्ही गेल्यावर भेटायला येणारी माणसं तुमच्या फोटोला हात जोडतात आणि लगेच जिन्याखाली वाकून बघतात. कारण तिथं तुमची ती पेटी घरघरत असते. समोर समई, उदबत्ती, कुणीतरी डोळ्याला पदर लावलेला, आणि मागं पिठाची गिरणी चालल्यासारखा आवाज. परवा कोर्टातले तुमचे जुने स्नेही आले होते. बराच वेळ मान खाली घालून बसले आणि मग आईंना हळूच म्हणाले, वहिनी, आत पाण्याची मोटार चालू राहिली आहे का ओ? आईंनी तोंडावर पदर घेतला. त्यांना वाटलं, बिचाऱ्यांना रडू फुटलं. मी शेजारीच होते. त्या हसत होत्या.

तुम्ही असता तर ती मोटार नव्हे, फायरवॉल आहे म्हणून सुरुवात केली असती आणि दुसरा चहा होईपर्यंत त्यांना उठू दिलं नसतं. मी नुसतं बंद करते म्हणाले आणि बंद केली नाही.

पेपरात द्यायचा मजकूर तुमच्या चिरंजीवांनी लिहिला. जन्म, शिक्षण, कोर्टातली नोकरी, शिरस्तेदार म्हणून निवृत्ती, पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडं. सगळं खरं आहे आणि त्यात तुम्ही कुठंच नाही. तो पन्नास माणसांचा फोटो असतो ना, ज्यात आपला माणूस शोधावा लागतो, तसं झालंय. म्हणून मी वेगळं लिहायला बसले. आणि थेट तुम्हालाच लिहितेय, कारण आपला एक वाद अर्धवट राहिलाय आणि तो दुसऱ्या कुणाशी पुढं चालवण्यात मजा नाही.

सुरुवात तुमच्या जेवणाच्या पानावरच झाली. मी हुबळीहून धारवाडला घरी आले होते, बसमध्ये उभ्यानं, आणि आल्या आल्या सांगितलं होतं की नोकरी सोडतेय. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासला की त्याची सगळी हकीकत बोलून ठेवतात. ती रेकॉर्डिंगं हुबळीतल्या आमच्या कंपनीत यायची आणि आम्ही पोरी कानाला हेडफोन लावून ती टाइप करायचो. तिकडं सकाळ व्हायच्या आत, म्हणजे आपल्या संध्याकाळी, सगळं तयार पाहिजे. मला ते काम मनापासून आवडायचं. आपल्या घरात कुणाला ते कळत नव्हतं, पण आवडायचं. पण माझी जुई जेमतेम चालायला लागली होती, मी निघाले की दाराला धरून रडायची, आणि परत येईपर्यंत झोपलेली असायची. आई म्हणाल्या, सोड की, कुणी धरून ठेवलंय. तुमचे चिरंजीव बँकेच्या बदलीवर विजापुरात. ते फोनवर म्हणाले, तू ठरव. भाजी कुठली करू म्हटलं तरी ते हेच म्हणतात.

मग मी आपलं बोलून गेले, की घरून काम करायची सोय आहे म्हणे, पण तिच्या अटी अशा आहेत की आपल्या घरात ते शक्य नाही. तुमचा भाकरीचा घास हातातच राहिला. म्हणालात, "अटी क्रमवार सांग."

मी सांगितल्या. घरच्या इंटरनेटला फायरवॉल पाहिजे. नको त्या साइट घरात उघडता कामा नयेत. टेलिफोनची लाइन गेली तर नेटची दुसरी सोय पाहिजे. दसऱ्यापर्यंत चाचणी, आणि तेवढ्यात एकदा जरी काम वेळेवर पोचलं नाही, तरी परत हुबळीची बस. हुबळीची बस म्हणजे माझी नोकरी संपली, हे त्या पाटावर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

फायरवॉल म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, घरातून बाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येकाला दारात थांबवायचं. कोण तू, कुठं निघालास, परवानगी आहे का, असं विचारायचं. नसेल तर परत पाठवायचं. तुमचा चेहरा असा उजळला की आई ताक वाढायच्या थांबल्या. "म्हणजे माझंच काम की," तुम्ही म्हणालात.

खरंच होतं ते. कोर्टाचं सगळं ऑफिस ज्याच्या हाताखाली चालतं तो शिरस्तेदार, आणि तुमच्या परवानगीशिवाय साहेबांच्या टेबलापर्यंत माशीसुद्धा गेली नाही, हे तुम्हीच आम्हाला शंभरदा ऐकवलंय. निवृत्त झाल्यापासून तुमचा सगळा अधिकार दूधवाल्यावर आणि पेपरवाल्यावर खर्च होत होता. त्यांची सुटका झाली ती त्या दिवशी.

सुभाष रोडवरच्या दुकानातून एक जुना कॉम्प्युटर आला, तीच ही पेटी. त्यात दोन वायरी लागायची सोय करून घेतली, एक बाहेरच्या लाइनची, एक घराची. फुकट मिळणारी फायरवॉलची सीडी दुकानदारानं दिली. तुम्ही तिचं माहितीपुस्तक छापून आणलंत आणि पेन्सिलीनं समासात मुद्दे काढत वाचलंत, जसं उद्या उलटतपासणी आहे. मी वर माझ्या कॉम्प्युटरवर, तुम्ही खाली जिन्याखाली स्टुलावर, आणि मधल्या पायरीवर जुई. "आता गेलं का?" "नाही ओ अप्पा." "आता?" "आता माझं पण बंद झालं." असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी माझं काम पेटीतून बाहेर गेलं. तुम्ही पेटीला नमस्कार केलात आणि नारळ फोडलात.

मग नियम. फायरवॉलमध्ये नियमांची एक रांग असते. येणाऱ्याला पहिला नियम लागू पडला तर तिथंच निकाल, पुढचे नियम कुणी बघतच नाही. त्यामुळं वर कोण, खाली कोण, याला फार महत्त्व. ह्यावर तुम्ही दोन रात्री झोपला नाहीत. शेवटी तुम्ही ती रांग लावलीत ती घरच्या कार्याच्या पंगतीसारखी. सगळ्यात वर जावई. त्यांचा लॅपटॉप आला की त्याला काहीही विचारायचं नाही, सगळी दारं उघडी. त्याखाली माझं काम. त्याखाली आई. सगळ्यात शेवटी तुमचे चिरंजीव, कारण ते घरचेच. मी म्हटलं, अप्पा, फायरवॉल माझ्या कामासाठी, आणि पहिलं पान जावयांना? तुम्ही म्हणालात, जावयाला दारात थांबवून कोण तू म्हणून विचारायचं, हे माझ्या हातून होणार नाही. त्या दिवाळीत जावई आले, पुण्याहून येताना नेटवरून काय काय उतरवून घ्यायचं ठरवून आले होते कुणास ठाऊक, आणि तीन दिवस माझी एकेक फाइल मुंगीच्या पायानं गेली. मी जिन्यात उभी राहून दात खात होते. तुम्ही जावयांना आणखी एक चकली वाढत होता.

पण खरी गंमत झाली ती त्या डीएनएसची. हे प्रकरण तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळलं. साइटचं नाव टाइप केलं की तिचा खरा पत्ता कुठला, हे सांगणारी एक यंत्रणा असते. तुम्ही मला समजावलंत, "बेलिफाला पत्ताच दिला नाही, तर समन्स बजावणार कसं?" ज्या साइट नकोत त्यांचा पत्ता द्यायचाच नाही, की झालं. कुठल्या प्रकारच्या साइट अडवायच्या त्यावर खुणा करायच्या होत्या. तुम्ही चष्मा पुसून बसलात आणि दिसेल त्या चौकोनात खूण केलीत. जुगार, दारू, शस्त्रं, गाठीभेटी, नग्नता, चेटूक. चेटकाला सुद्धा सोडलं नाहीत.

पहिला फटका आईंना बसला. त्यांच्या भाचीसाठी त्या लग्न जुळवायच्या साइटवर मुलं बघायच्या. ती साइट तुमच्या हिशेबी गाठीभेटीत गेली. ऐन पसंतीच्या वेळी मुलगा दिसेनासा झाला. त्यांनी तुमच्यापुढं जी तोंडी फिर्याद मांडली ती शेजारच्यांनाही ऐकू गेली. दुपारच्या चहाच्या आत मनाई उठली.

माझी अडचण वेगळी होती. मला दिवसभर शब्द शोधावे लागायचे, डॉक्टर काय पुटपुटला ते नीट लिहायला. आणि माणसाच्या शरीराचा जेवढा म्हणून भाग कमरेखाली आहे, तेवढा तुम्ही आमच्या घरात बंद केला होता. एक डॉक्टर आठवडाभर त्याच एका जागेबद्दल बोलत होता. माझी सगळी पानं अडली. सासऱ्यांपुढं जाऊन हे सांगायचं कसं? आईंना मध्ये घालावं तर त्या मोठ्यानं बोलतात. दोन दिवस मी अंदाजानं लिहिलं. तिसऱ्या दिवशी खाली आले आणि म्हटलं, अप्पा, डॉक्टरांची एक साइट उघडून पाहिजे. तुम्ही कागदावर पेन टेकवून म्हणालात, नाव सांग. मी म्हटलं, इंग्रजी आहे. म्हणालात, मग एकेक अक्षर सांग.

मी सांगायला लागले. पी. आर. ओ. एस. तुम्ही एका बोटानं टाइप करत होता. टी सांगितलं आणि तुमचं बोट हवेतच राहिलं. तुमचे कान लाल झाले. मग पुढची सगळी अक्षरं मी न सांगता तुम्ही घातलीत, भराभर, एकही न चुकता. तुमच्या कपाटात कुठल्या गोळ्या असतात ते मला माहीत होतं, कारण त्यांचं नाव मी दिवसातून दहादा टाइप करत होते. मला माहीत आहे हे तुम्हाला त्या घडीला कळलं. आपण दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. शेवटी तुम्ही घसा खाकरून म्हणालात की वैद्यकीय ज्ञानात वावगं काही नाही, मनाई उठवतो.

त्यानंतर कधीतरी, मी कपडे वाळत घालत असताना, तुम्ही आभाळाकडं बघत विचारलंत, की तुमच्या एका ओळखीच्या गृहस्थांना अमुक त्रास आहे, तर तुझे ते अमेरिकेतले डॉक्टर अशा माणसाला काय सांगतात? मी त्या गृहस्थांसाठी सगळं सविस्तर सांगितलं. संध्याकाळनंतर पाणी कमी प्यावं, चहा एकच घ्यावा. दुसऱ्या दिवसापासून तुमचा संध्याकाळचा दुसरा चहा बंद झाला. गृहस्थांना बरं वाटतंय असं पुढच्या महिन्यात कळवलंत. अप्पा, सासू-सासऱ्यांशी मोकळेपणानं बोलावं असं सगळे सांगतात, पण ते कसं बोलायचं ते मला तुम्ही शिकवलंत.

राहिली लाइन गेली तरची सोय. आपल्या गल्लीत रस्ता खणायला कुणाला निमित्त लागत नाही, आणि खणला की टेलिफोनची वायर तुटल्याशिवाय राहत नाही. म्हणून तुमच्या चिरंजीवांचा जुना मोबाइल केबलनं पेटीला जोडायचा, म्हणजे लाइन गेली की त्याच्यावरून नेट चालेल, असं ठरलं. पण त्या मोबाइलला रेंज साऱ्या घरात एकाच ठिकाणी यायची, जिन्याला लागून देवघराची खिडकी आहे तिथं. आईंनी बाळकृष्णाला जरा सरकवून जागा दिली, नाइलाजानं. त्या मोबाइलवर कुणाचा फोन आला की नेट तुटायचं. त्यामुळं तो नंबर कुणालाही द्यायचा नाही असा तुमचा हुकूम होता. आईंनी तो फक्त गदगच्या बहिणीला दिला. ती फक्त आरतीच्या वेळी फोन करायची.

असं सगळं जमून आलं आणि माझी गाडी चालायला लागली. मी वर, दार लावून, कानात अमेरिका. जुईला तुम्ही सांभाळत होता. पेटी तुम्ही सांभाळत होता. लाइन गेली की खालून तुमचा आवाज यायचा, "स्मिता, काळजी करू नको, देवाकडून चालू आहे." एवढं सगळं तुम्ही केलंत. आणि तरी तुमच्यावर माझा राग होता, तो का, ते आता सांगते.

कुणी घरी आलं, सून कुठं आहे म्हणालं, की तुम्ही म्हणायचात, "वर आहे. जरा कॉम्प्युटर शिकते."

पहिल्यांदा मला वाटलं, चुकून बोललात. मग लक्षात आलं, तुम्ही ठरवून तेच बोलता. सून कामाला आहे, तिला पगार आहे, हे तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. महिने गेले, वर्षं जायला लागली आणि मी आपली वर कॉम्प्युटर शिकतेय. लोकांना माझी दया यायला लागली. समोरच्या काकू एकदा मला गाठून म्हणाल्या, नाही जमत तर सोड ग, सगळ्यांना जमतंच असं नाही. त्यांनी एका क्लासचं नावही सुचवलं, तिथं म्हणे अगदी सावकाश शिकवतात. मी रात्री पानावर तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही हसलात. मी हसले नाही.

आणि त्या पहिल्याच वर्षीची ती खंडेनवमी. चाचणी संपायला एकच दिवस राहिला होता. अमेरिकेला खंडेनवमी नसते. सकाळीच माझ्याकडं कामाचा ढीग आला, संध्याकाळपर्यंत सगळं पोचवायचं होतं. खाली आईंनी आयुधपूजा मांडली होती. विळी, कोयता, तुमची स्कूटर, शिवणाचं मशीन, झेंडूचे हार. ज्या हत्याराची पूजा झाली ते त्या दिवशी वापरायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. आई म्हणाल्या, ह्या वर्षी घरातलं सगळ्यात मोठं आयुध जिन्याखाली आहे, त्याची पूजा नको का? मी वरून ओरडले, पूजा करा, पण बंद करू नका. आई म्हणाल्या, चालत्या हत्याराची पूजा कुणी ऐकली आहे का. दोन्ही बाजू तुमच्याकडं बघायला लागल्या.

तुम्ही खुर्चीत बसून पाच मिनिटं विचार केलात आणि निर्णय दिलात. पेटीची पूजा पेटी चालू असतानाच व्हावी, कारण घराचं रक्षण करणाऱ्याला रजा देता येत नाही. आई जरा कुरकुरल्या, पण पूजेला बसल्या. हार घातला तो पेटीच्या मागच्या पंख्यावर. हळदकुंकू, अक्षता, आणि मग फुलानं पाणी शिंपडलं, जसं कोयत्यावर शिंपडतात तसं, सढळ हातानं, जाळीतून आत. ठप्प असा आवाज आला. निळा जाळ दिसला म्हणे. घरघर थांबली. घरात इतकी शांतता झाली की मला वरून जाणवलं.

मी धावत खाली आले. आई हातात तबक धरून उभ्या, जुई टाळ्या वाजवतेय. देवघरातला मोबाइल पूर्ण रेंज घेऊन तयार बसला होता, पण तो करणार काय? लाइनला पर्याय होता, पेटीला पर्याय नव्हता. फायरवॉल सोडून थेट लाइन जोडली तर अट मोडत होती, आणि कंपनीत ते लगेच कळलं असतं. मी शेवटच्या पायरीवर बसले. आई म्हणाल्या, मी काय मुद्दाम केलं का. मला जुईचं दाराला धरून रडणं दिसत होतं.

तुम्ही पेटी उघडून वास घेतलात. मग त्यातला जळका भाग काढलात, पिशवीत घातलात, आणि हार घातलेली, पूजा झालेली स्कूटर बाहेर काढलीत. आई म्हणाल्या, अहो, आज गाडी. तुम्ही धोतरावर शर्ट चढवून निघूनही गेला होता.

पुढचं मला त्या दुकानदारानं नंतर सांगितलं. सुभाष रोडवर सगळी दुकानं अर्धी मिटलेली, दारात कोहळे फोडलेले. तो आपली पूजा आटपून घरी निघाला होता. त्याचा पेचकससुद्धा फुलात ठेवलेला. तो हात जोडून कानडीत म्हणाला, "इवत्त मुट्टंगिल्ल री." आज हात लावता येत नाही. तुम्ही त्याच्याशी भांडला नाहीत. खिशातून छोटं पंचांग काढलंत आणि त्याच्या काउंटरवर उघडलंत. नवमी किती वाजता संपते, दशमी कधी लागते, हे बोट ठेवून दाखवलंत. दशमीला तर शस्त्र उचलूनच सीमोल्लंघन करायचं असतं, म्हणजे मघापासून हत्याराला हात लावायला हरकत तर नाहीच, उलट लावायलाच पाहिजे. मुदतीच्या कायद्यावर तुम्ही कोर्टात हयात घालवली होती, तो बिचारा काय टिकणार. त्यानं पेचकसाला नमस्कार करून फूल बाजूला काढलं, शटर वर केलं आणि नवा भाग दिला. घरी येऊन बसवूनही गेला. हार मात्र परत पंख्यावर घालायचा नाही, असं आईंना हात जोडून सांगून गेला.

काम वेळेत गेलं. अगदी शेवटच्या घटकेला, पण गेलं. दसऱ्याच्या दिवशी कंपनीच्या मॅडमचा फोन आला की चाचणी संपली, घरूनच करा. तुम्ही मला सोनं द्यायला पान पुढं केलंत. मी नमस्कार केला आणि तुम्ही डोक्यावर हात ठेवलात, जरा जास्तच वेळ.

तिथंच हे संपलं असतं. पण तो दुकानदार बोलता बोलता म्हणाला होता की, शिरस्तेदार साहेबांचं कोर्टाचं काम अडलं होतं म्हणून मी शटर उघडलं. मी त्याच संध्याकाळी तुम्हाला विचारलं, अप्पा, कोर्टाचं कुठलं काम? तुम्ही निवृत्त होऊन किती वर्षं झाली. सुनेचं काम अडलंय म्हणायला काय झालं होतं? तुम्ही म्हणालात, त्यानं सुनेसाठी शटर उघडलं नसतं. मी म्हटलं, सांगून तर बघायचं. तुम्ही दाराकडं बघून घेतलंत आणि म्हणालात, "धारवाड लहान गाव आहे, स्मिता. म्हणतील, शिरस्तेदार सुनेच्या कमाईवर आहे." मी म्हटलं, म्हणोत की. आणि मी कॉम्प्युटर शिकते म्हणता तेव्हा माझ्याबद्दल काय म्हणतात ते? तुम्ही उठलात, जुईला कडेवर घेतलंत आणि म्हणालात, "यावर तारीख देऊ. पुढं बोलू."

ती तारीख तुम्ही वर्षानुवर्षं वाढवत नेलीत. मी विषय काढला की तुम्हाला पेटीतली धूळ पुसायची असायची. मी चिडले की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मिरचीभजी यायची, लाइन बाजारातून, गरम. माझा राग तुम्हाला नेमका किती भज्यांचा आहे ते कळायचं. मी भजी खायचे आणि दावा मागं घ्यायचे नाही, एवढंच सांगून ठेवायचे.

आता ह्या पावसाळ्यातलं सांगते. तुम्ही म्हणालात, खांदा दुखतो. पेटीची बॅटरी उचलली म्हणून. मग म्हणालात, डावा हात भरून येतोय, जिना चढला की छाती जड होते, पित्त असेल. मी टाइप करत होते. मी हेडफोन काढला आणि खाली आले. म्हटलं, अप्पा, हे सगळं मी रोज लिहिते, शब्दासकट. उठा. तुम्ही म्हणालात, सोमवारी बघू. मी म्हटलं, ह्यावर तारीख मिळणार नाही. रिक्षा मीच आणली. आई देवाला साखर ठेवून पायात चपला घालत होत्या, एक त्यांची, एक माझी.

हुबळीच्या दवाखान्यात विजापूरहून तुमचे चिरंजीव पोचले. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर कागद घेऊन आले, त्यांनी आम्हा बायकांकडं बघितलंही नाही, तुमच्या मुलाला, सुधीरना, खांद्याला धरून जरा बाजूला नेलं आणि हळू आवाजात सांगायला लागले. सुधीर नुसते मान हलवत होते, एक अक्षर कळत नव्हतं त्यांना. मी भिंतीला टेकून उभी होते. आई देवाचं नाव घेत होत्या.

तुमच्या नाकाला नळी होती. ती तुम्ही हातानं बाजूला केलीत. सिस्टर ओरडल्या. सगळा वॉर्ड तुमच्याकडं बघायला लागला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे पाहुणे सुद्धा, आणि त्यातले एक आपल्या गल्लीतलेच होते. त्या सगळ्यांच्या देखत, साहेबांपुढं पक्षकाराचं नाव पुकारायचात त्या आवाजात, तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "आकीगे हेळ्री. नम्म सोसी. आकी इदs केलसा माडताळ." तिला सांगा. आमची सून. ती हेच काम करते.

डॉक्टर वळले. कागद माझ्या हातात दिला आणि इंग्रजीत बोलायला लागले, भराभर, जसे माझे ते अमेरिकेतले बोलतात तसे. मला एकेक शब्द कळत गेला. किती बंद आहे, किती उरलंय, काय करता येईल, काय येणार नाही. वाईट होतं, अप्पा. ते ऐकताना मी ढसाढसा रडायला लागले. आईंनी मला जवळ घेतलं. सुधीरनी पाणी आणलं. डॉक्टरसुद्धा म्हणाले, धीर धरा. सगळ्यांना वाटलं, त्या कागदामुळं.

मी त्या कागदासाठी नंतर रडले, घरी, आणि अजून रडतेय. त्या वेळी मी तुम्ही माझ्याबद्दल बोललात म्हणून रडत होते. तुमचं हृदय बंद पडत चाललं होतं आणि मला आनंद झाला होता. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगून टाकते.